पक्षनामावरून दलित चळवळीच्या पत्रकांचा कालनिर्णय

कागद, अक्षरवळण व पुष्पिका पाहून पोथीचा काल ठरविण्याची विद्या आमच्या वाचकांस अवगत आहेच. परंतु दलितांच्या राजकीय चळवळीचीं हस्तपत्रकें व जाहीरनामे हातीं आले, तर ते अर्वाचीन व किरकोळ म्हणून रद्दींत जातात. हे कागद पुष्कळदां मितिहीन असतात हें खरें. तथापि माथ्यावरील पक्षनाम हीच त्यांची पुष्पिका होय.

‘स्वतंत्र मजूर पक्ष’ हें नांव असेल तर कागद इ. स. १९३६ च्या ऑगस्टापूर्वींचा नव्हे. डॉ. आंबेडकरांनीं स्थापिलेल्या या पक्षाच्या नांवांत जातीचा उल्लेख नाहीं. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबईच्या कायदेमंडळांत १७ सप्टेंबर १९३७ रोजीं त्यांनीं खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतील कुळांचा मोर्चा मुंबईस कौन्सिल हॉलवर गेला. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरास औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध संप झाला. म्हणून ज्या कागदांत खोत, कूळ, गिरणी हेच शब्द आहेत, ते डोळे मिटून ‘कामगार चळवळ’ या सदरांत घालणें म्हणजे एका पोथीचें पान दुसऱ्या बाडांत बांधणें होय. सहीवरूनही निर्णय करूं नये. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर हे दलितेतर गृहस्थही या पक्षांत होते.

क्रिप्स यांच्या वाटाघाटींनंतर नांव पालटलें. १९४२ च्या जुलैंत नागपुरास ‘शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’ निघालें. मराठी कागदांत तेंच ‘दलित फेडरेशन’. नाम संकुचित झालें, हेतु झाला नाहीं, असें आमचें मत आहे. डॉक्टरांच्या निधनानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं, त्यांच्याच संकल्पित नांवानें नागपुरांतच ‘रिपब्लिकन पक्ष’ स्थापन झाला. पुढें गट पडले; तेव्हां कंसांतील गवई, खोब्रागडे इत्यादि आडनांवें अवश्य उतरून घ्यावींत.

हत्तीचें चित्र मात्र फसवें आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत (१९५१-५२) तें फेडरेशनचें चिन्ह होतें, मागाहून रिपब्लिकनांचें, आणि १९८४ मध्यें निघालेल्या बहुजन समाज पक्षानेंही तेंच घेतलें. ‘जनता’ पत्राचा उल्लेख अधिक उपयोगी. १९५६ मध्यें त्याचें ‘प्रबुद्ध भारत’ झालें.

एक व्यवहाराची सूचना. छापखान्याचें नांव बहुधा तळाशीं बारीक टाइपांत असतें. बांधणीच्या वेळीं कडा कापल्या कीं तेंच प्रथम जातें. सबब असे कागद न कापतां सुटेच ठेवावे.