रोझिना लेव्हिन आणि पियानोवादनाची रशियन परंपरा

वादकाची कीर्ती त्याच्या मैफलींवरून ठरते; शिक्षकाचे कार्य मात्र शिष्यांच्या वादनात मिसळून जाते. त्यामुळे संगीताच्या इतिहासात शिक्षकाचे श्रेय निश्चित करणे कठीण पडते. रोझिना लेव्हिन (१८८०–१९७६) यांचे चरित्र या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

रोझिना यांचा जन्म कीव्ह येथे एका डच जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. बालपण मॉस्कोत गेले. निकोलाय रुबिनस्टाइन यांनी १८६६ मध्ये स्थापिलेल्या मॉस्को संगीत विद्यालयात वसिली साफोनोव्ह यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९८ मध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी साफोनोव्ह यांचेच शिष्य योसेफ लेव्हिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. योसेफ हे राखमानिनोव्ह व स्क्र्याबिन यांचे सहाध्यायी असून १८९५ मध्ये त्यांनी बर्लिन येथे रुबिनस्टाइन पारितोषिक जिंकले होते. एकाच घरातील दोन वादकांत स्पर्धा उत्पन्न होऊ नये म्हणून रोझिना यांनी स्वतंत्र वादिकेच्या कारकीर्दीवर पाणी सोडले. दोन पियानोंच्या कार्यक्रमांत त्या पतीला साथ देत राहिल्या आणि उरलेले सामर्थ्य त्यांनी अध्यापनास वाहिले.

१९०७ पासून हे दांपत्य बर्लिननजीक वानझे येथे राहत होते. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले व जाहीर वादनाची वाट बंद झाली. पुढे राज्यक्रांतीत रशियातील बँकांत ठेवलेली शिल्लकही बुडाली. १९१९ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, तेव्हा त्यांच्यापाशी विद्येवाचून दुसरे भांडवल फारसे नव्हते. १९२४ पासून दोघेही तेथील जूलियर्ड संस्थेत शिकवू लागले. योसेफ दौऱ्यावर असताना त्यांच्या शिष्यांची तयारी रोझिना करून घेत.

ही विद्या कोणती? पियानोत हातोडी तारेवर आदळून स्वर उत्पन्न होतो आणि उमटताक्षणीच तो क्षीण होऊ लागतो. गळ्याप्रमाणे किंवा व्हायोलिनप्रमाणे तो फुगविता येत नाही. तरीही पियानो ‘गातो’ असा भास निर्माण करणे, हे रशियन परंपरेचे मुख्य साध्य होते. त्यासाठी बोटाच्या टोकाऐवजी त्याच्या मांसल भागाने पट्टी दाबणे, मनगट लवचीक ठेवणे, बाहूचा भार बोटांपर्यंत पोचू देणे आणि एका स्वराचा अस्त होत असताना पुढील स्वर नेमक्या वजनाने जोडणे, ही पथ्ये सांगितली जात. रोझिना यांच्या अध्यापनाचा विशेष असा की, ही पथ्ये त्यांनी ठशासारखी वापरली नाहीत. व्हॅन क्लायबर्न, जॉन ब्राउनिंग, मीशा डिख्टर आणि गॅरिक ओल्सन हे चारही त्यांचे शिष्य. परंतु एकाचे वादन दुसऱ्यासारखे नाही.

१९४४ मध्ये योसेफ निवर्तले. चौसष्टाव्या वर्षी रोझिना यांनी अध्यापनाचा सर्व भार एकटीने उचलला. १९५१ मध्ये क्लायबर्न त्यांच्याकडे आला. १९५८ मध्ये मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की स्पर्धा भरली. शीतयुद्धाच्या त्या ऐन काळात, गिलेल्स, रिख्टर व नॉयहाउस यांसारखे सोव्हिएट वादक परीक्षक असताना, या तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणास प्रथम पारितोषिक मिळाले. ज्या विद्यालयातून रोझिना साठ वर्षांपूर्वी पदक घेऊन बाहेर पडल्या, त्याच्याच सभागृहात ही अंतिम फेरी झाली. मॉस्कोहून निघालेले घराणे परदेशी शिष्याच्या हातून मॉस्कोला परतले होते.

स्वतःच्या वादनाचा विषयही त्यांनी कायमचा मिटविला नव्हता. सत्तरी उलटल्यावर त्या पुन्हा वाद्यवृंदासह वाजवू लागल्या. जानेवारी १९६३ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह त्यांनी शोपँचा ई मायनर कंचेर्टो सादर केला. त्या वादनाने त्यांनी काय मागे ठेवले होते, हे श्रोत्यांस कळले.

या त्यागाने एक थोर वादिका जगाला दीर्घकाळ ऐकावयास मिळाली नाही, ही हानी नाकारता येत नाही. परंतु स्थलांतरात घरदार व पैसा गमावलेल्या या दांपत्याची विद्या पुढील पिढ्यांपर्यंत पोचली, ती मुख्यतः रोझिना यांच्या वर्गातून. शिक्षकाचे श्रेय मोजावयाचे तर ते अशाच ठिकाणी शोधले पाहिजे.