मूत्रअसंयती आणि श्रोणितलाचा व्यायाम

खोकताना, शिंकताना वा घागर उचलताना लघवी होते, ही तक्रार घेऊन स्त्री-रुग्ण क्वचितच येते. ती येते गुडघेदुखीसाठी. आणि उठता उठता, दाराशी थांबून, ही गोष्ट हळूच सांगते. पुष्कळजणी तेही सांगत नाहीत. म्हणून प्रसूतीनंतरच्या व रजोनिवृत्तीच्या वयातील प्रत्येक रुग्णेस हा प्रश्न आपण होऊन विचारावा, असे आम्ही सुचवितो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांतही हा त्रास आढळतो.

बस्ति हे त्रिमर्मांपैकी एक आणि अपानवायूचे स्थान. या स्थानाला खालून आधार देणारे स्नायू प्रसूती, जुनाट मलावष्टंभ, स्थौल्य व दीर्घकालीन कास यांनी शिथिल होतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंचा व्यायाम शास्त्रीय नियतकालिकातून मांडला. हठयोगातील मूलबंध व अश्विनी मुद्रा यांचे त्याच्याशी असलेले साम्य वाचकांच्या ध्यानी येईलच.

रुग्णेस तो असा शिकवावा. मूत्राशय रिकामे करून तिला उताणे निजवावे व गुडघे दुमडावेत. अधोवात अडवताना जसे गुद आत ओढले जाते, तसे आत व वर ओढण्यास सांगावे. पोट, मांड्या व नितंब सैल असावेत. श्वास चालू असावा. पाच सेकंद धरावे, तितकाच वेळ सोडावे; पुढे दहा सेकंदांपर्यंत वाढवावे. एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीन वेळा, किमान तीन महिने. खोकला येण्यापूर्वी क्षणभर आकुंचन करण्याची सवयही लावावी. पुष्कळ रुग्णा ओढण्याऐवजी कुंथतात. त्याने अपाय होतो. म्हणून तोंडी सांगून न थांबता पुढील भेटीत पडताळा घ्यावा.

येथे एक शंका निघते. चरकाचार्यांनी ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात मूत्रवेग अधारणीय म्हटला असता हे कसे? उत्तर सरळ आहे. हा व्यायाम रिकाम्या मूत्राशयाने करावयाचा असल्याने येथे वेगधारण नाही. लघवीची धार मध्येच तोडून नित्य व्यायाम करण्याची प्रथा मात्र सोडावी. तीत मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याचा धोका आहे.

औषधविक्रेत्या बंधूंचाही यात वाटा आहे. उतारवयातील ग्राहक नियमित पॅड नेत असेल, तर वैद्याचा सल्ला घेण्यास सुचवावे. रक्तदाबाच्या काही औषधांनी कोरडा खोकला येतो, काहींनी लघवी वाढते, तर प्राझोसिनसारख्या औषधांनी मूत्रमार्गाचा अवरोध सैल होतो. अशी औषधे परस्पर बंद न करता संबंधित डॉक्टरांस कळवावे. चंद्रप्रभा वटीची डबी देऊन विषय संपवणे योग्य नव्हे. मलावष्टंभ व कास यांची चिकित्सा व्यायामाबरोबरच व्हावी.

लघवीतून रक्त, ताप व दाह, लघवी तुंबणे, अंग बाहेर येणे, अथवा पायांत एकाएकी बळ न राहणे व गुह्यभागी बधिरता अशी लक्षणे असल्यास प्रथम तज्ज्ञांकडे पाठवावे. शेवटच्या दोन लक्षणांत तर विलंब करूच नये. श्रोणिभागी वेदना असल्यासही आकुंचनाचा व्यायाम तपासणीविना देऊ नये.

लघवीच्या भीतीने देवदर्शन, प्रवास, लग्नकार्य सोडून घरी बसणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रत्येकाच्या गावी आहेत. या व्यायामास खर्च नाही. लागतो तो वैद्याचा दहा मिनिटांचा वेळ आणि विचारण्याचे धैर्य.