दाट प्रवाह आणि खोटा दाब : एलिमेंटच्या निवडीबद्दलचे गैरसमज

रत्नागिरीच्या कॅनिंग कारखान्यांत हापूसचा पल्प पंपाने पाइपमधून पुढे ढकलला जातो. पंप किती ताकदीचा हवा, हे पाइपच्या दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकावर ठरते. अशा दाट, संथ प्रवाहाचे गणित संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने सोडवता येते. प्रवाहाच्या जागेचे लहान तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडायचे (त्यांची जाळी म्हणजे मेश) आणि प्रत्येक तुकड्यात वेग व दाब साध्या बहुपदींनी मांडायचे. या दोन बहुपदींची जोडी चुकली की उत्तर बिघडते.

गैरसमज १ : वेग आणि दाब एकाच दर्जाच्या बहुपदीने मांडावेत.
वस्तुस्थिती : यात सोय होते ती फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. न दबणाऱ्या द्रवात दाबाला स्वतःचे समीकरण नसते. जितका द्रव आत येईल तितका बाहेर जावा, ही अट वेगावर लादणे हेच त्याचे काम. दाबाला नको तितकी मोकळीक मिळाली, की बुद्धिबळाच्या पटासारखा आलटून पालटून चढा-उतरता खोटा दाब उत्तरात शिरतो. कंट्रोल व्हॉल्यूम पद्धतीतही हा दोष येतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या सुहास पाटणकरांनी १९८० च्या पुस्तकात तो उलगडून दाखवला आहे. तिथला उपाय म्हणजे वेग आणि दाब वेगवेगळ्या बिंदूंवर घेणे.

गैरसमज २ : मेश बारीक केली की खोटा दाब जातो.
वस्तुस्थिती : दोष जोडीत असतो, त्यामुळे तो बारीक मेशमध्येही राहतो. लाडिझेन्स्काया, बाबुश्का आणि ब्रेझी यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘इन्फ-सप’ अट सांगते, की दाबाच्या प्रत्येक चढउताराची दखल कुठल्या तरी वेगाने घेतली पाहिजे, आणि मेश कितीही बारीक केली तरी ही पकड ढिली पडता कामा नये. ही अट पाळणाऱ्या जोडीला ‘स्थिर’ जोडी म्हणतात.

गैरसमज ३ : दाब वेगापेक्षा एक पायरी खाली ठेवला की पुरे.
वस्तुस्थिती : रेषीय वेग आणि प्रत्येक त्रिकोणात एकच दाब ही जोडी घेऊ. चौरसाच्या प्रत्येक बाजूचे १० भाग केले आणि प्रत्येक घर एकाच दिशेच्या कर्णाने दुभागले, तर २०० त्रिकोण होतात. कडांवर वेग ठरलेला असल्यास आतले नोड (त्रिकोणांचे कोपरे) ८१, म्हणजे वेगाची अज्ञाते १६२; अटी मात्र प्रत्येक त्रिकोणाची एक, आणि त्यातली एक इतरांतून आपोआप येत असल्याने १९९. कडांवर वेग शून्य असेल, तर आत कितीही बल लावा, द्रव हलतच नाही.

गैरसमज ४ : वेगाचे चित्र नीट दिसले म्हणजे उत्तर बरोबर.
वस्तुस्थिती : खोटा दाब अनेकदा वेगाला धक्काही लावत नाही. चित्र सुबक दिसते, पण पंपासाठी काढलेला दाब चुकतो.

गैरसमज ५ : स्थिर जोडीत द्रव थेंबाथेंबाने जपला जातो.
वस्तुस्थिती : टेलर-हूड जोडीत (१९७३) वेग द्विघाती आणि दाब रेषीय असतो. १९८४ च्या ‘मिनी’ एलिमेंटमध्ये रेषीय वेगाला प्रत्येक त्रिकोणात एका ‘बबल’ फलनाची जोड मिळते. दोन्ही जोड्या स्थिर आहेत, पण द्रवाचा हिशेब त्या सरासरीनेच जुळवतात. तो बिंदूबिंदूला जुळायला हवा असेल, तर स्कॉट-व्होगेलियस जोडी योग्य मेशवर वापरावी लागते.

गैरसमज ६ : समान दर्जाची जोडी वापरताच येत नाही.
वस्तुस्थिती : ह्यूज, फ्रांका आणि बॅलेस्ट्रा यांनी १९८६ मध्ये दाखवले, की समीकरणात स्थिरीकरणाची पदे मिळवली तर ती चालते. मात्र त्या पदांचे गुणांक विचारपूर्वक ठरवावे लागतात.

पल्पसारख्या दाट द्रवासाठी टेलर-हूडपासून सुरुवात करावी, आणि वेगाच्या आधी दाबाचे चित्र तपासावे.