पाइप भरावा कसा?

वाचकहो, चुलीत लाकडे गच्च कोंबली की नुसता धूर होतो. फार विरळ ठेवली की भडका उडून जाळ विझतो. पाइपाचेही तसेच आहे. सारी मेख हवेच्या वाटेत आहे. आपल्या चिलमीतला खडासुद्धा ही वाट ठेवूनच तंबाखू अडवतो.

तंबाखू प्रथम बोटांनी मोकळी करावी. फार ओली असल्यास जरा सुकू द्यावी. मग ती तीन वेळा चिमटीने भरावी. पहिली चिमूट नुसती पडू द्या. दुसरी हलकेच दाबा. तिसरी थोडी घट्ट. आता न पेटवताच ओढून पाहा. हवा अडली, तर सारे काढून पुन्हा भरा. पहिल्या काडीने तंबाखू फुगून वर येते. ती अलगद दाबावी आणि दुसरी काडी लावावी. पुढे ओढायचे ते सावकाश. घाई केली की धूर तापतो नि जीभ पोळते.

पण नीट भरलेल्या पाइपाने जीभ वाचली, म्हणजे माणूस वाचला असे नव्हे. धूर छातीत न घेताही तोंडाचा व घशाचा कर्करोग होऊ शकतो. तेव्हा गुरुजींनो, मुलांना हवेची वाट समजावून द्यायची असेल, तर घरची चूल पुरेशी आहे!