सोहोची टांकसाळ

बर्मिंगहॅमच्या हॅण्ड्सवर्थ उपनगरातील सोहोच्या माळावर मॅथ्यू बोल्टन याने अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात उभारलेला कारखाना आरंभी गुंड्या, जोड्यांची बक्कले आणि चांदीची भांडी घडवीत असे. परंतु १७७५ साली जेम्स वॅटशी भागीदारी जुळल्यावर वाफेच्या इंजिनांमुळे त्याची कीर्ती दिगंत झाली, आणि १७८८ मध्ये त्याच वाफेच्या बळावर नाणी पाडणारी टांकसाळ तेथे सुरू झाली. नाण्यात त्याच्या दर्शनी किमतीइतकेच तांबे असावे, म्हणजे खोटे नाणे पाडण्यात कोणाला किफायत राहणार नाही, हा बोल्टनचा हिशेब. त्यापायी १७९७ चे दोन पेन्सचे नाणे दोन औंसांचे, म्हणजे जवळजवळ पाच तोळ्यांचे झाले, आणि हा प्रामाणिकपणा खिशाला फारच जड गेला असावा!

मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ साली तांब्याचे पैसे येथूनच पाडून घेतले. त्यांच्या एका अंगास कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यांवरील निशाणी, तर दुसऱ्या अंगास तराजू असून त्याच्या दोन पारड्यांच्या मधोमध फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, असे कोरलेले आहे. व्यापारी सरकारला ते कितपत शोभले, हे वाचकांनीच ठरवावे.

मूळ कारखाना एकोणिसाव्या शतकातच जमीनदोस्त झाला. बोल्टनचे राहते घर, सोहो हाउस, मात्र आज संग्रहालय आहे.