सारखे की वेगळे?

संपादकांनी सर्नवर लेख मागितला होता. सर्न म्हटलं की जिनिव्हाजवळचं जमिनीखालचं २७ किलोमीटरचं कडं, अतिशीत चुंबक आणि इमारतीएवढे डिटेक्टर आठवतात, आणि त्यावर मराठीत बरंच लिहूनही झालं आहे. माहिती चाळताना माझं लक्ष अडलं ते एका छोट्या साधनापाशी. संगणकाला दिलेल्या काही ओळींच्या सूचना एवढंच त्याचं शरीर. त्याला दोन आलेख द्यायचे, ते शून्य ते एकच्या दरम्यानचा एक आकडा परत देतं. हे दोन आलेख एकाच उगमातून आले असावेत का, एवढ्या एका प्रश्नाचं काम ते करतं. पण कणभौतिकीचा रोजचा व्यवहार या प्रश्नावाचून पुढे सरकत नाही.

टकरीतून निघालेल्या कणांची ऊर्जा मोजली, की ती मोजमापं कप्प्याकप्प्यांत टाकतात आणि कोणत्या कप्प्यात किती पडली ते स्तंभांनी दाखवतात. हा हिस्टोग्राम. भौतिकशास्त्रज्ञाचा दिवस हिस्टोग्राम बघण्यात जातो, असं म्हणायला हरकत नाही. आज घेतलेला डेटा कालच्यासारखा आहे की रात्रीत डिटेक्टरचा एखादा भाग बिघडला? संगणकावर घडवलेल्या कृत्रिम टकरी खऱ्या टकरींशी जुळतात का? सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. जुन्या आवृत्तीनं दिलेलीच उत्तरं ती देते का? प्रत्येक वेळी दोन हिस्टोग्राम एकमेकांवर ठेवायचे आणि निर्णय घ्यायचा.

डोळ्यांनी किती बघणार? सर्नच्या सीएमएस या प्रयोगात सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या पडताळायला रेलमॉन नावाचं साधन तयार झालं. ते हिस्टोग्रामचे मोठाले गठ्ठे जोडीजोडीनं तपासतं आणि कुठे जुळलं, कुठे फसलं ते रंगांत दाखवतं. सीएमएसमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा जुना सहभाग आहे. डिटेक्टरचा बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटर उभारण्यात भारतीय गटांचा मोठा वाटा होता, आणि सीएमएसच्या जागतिक संगणक जाळ्यातलं दुसऱ्या स्तराचं एक केंद्र याच संस्थेत आहे. म्हणजे या तुलनांशी मुंबईचंही नातं आहे.

या तुलनांच्या मागे बहुतेक वेळा असतं ते रूट हे सॉफ्टवेअर. रने ब्रुन आणि फोन्स रॅडेमेकर्स यांनी १९९५च्या सुमारास सर्नमध्ये ते सुरू केलं. त्याआधी एचबुक नावाचा फोर्ट्रान भाषेतला संच होता, आणि तो घडवण्यातही ब्रुन होतेच. जगभरच्या कणभौतिकी प्रयोगांचा एक्झाबाइटहून अधिक डेटा आज रूटच्या स्वरूपात साठवलेला आहे. इतिहास एवढा पुरे. मला थांबायचं आहे ते रूटमधल्या कोल्मोगोरोव्ह चाचणीपाशी. एचबुकमधल्या एचडिफ या जुन्या कोडवरून ब्रुन यांनी ती रूटमध्ये आणली. विद्यार्थी ती सर्रास वापरतात. आत काय चालतं ते बघायचे कष्ट मात्र फार थोडे घेतात.

आपण ते घेऊ. जुन्या सॉफ्टवेअरनं पाच मोजमापं दिली असं समजा: १.२, १.५, १.९, २.४, ३.१. नव्यानं दिली: १.४, २.२, २.८, ३.३, ३.९. एकक कोणतंही धरा. दहाही आकडे एका ओळीत चढत्या क्रमानं मांडा आणि डावीकडून चालायला लागा. जुना आकडा भेटला की जुन्यांचा जिना एक पंचमांश वर चढतो, नवा भेटला की नव्यांचा. १.२ला जुना जिना एक पायरी वर. १.४ला नव्यानं त्याला गाठलं. १.५ आणि १.९ दोन्ही जुने, म्हणून जुना जिना तीन पंचमांशावर आणि नवा अजून एक पंचमांशावरच. अंतर दोन पंचमांश, म्हणजे ०.४. शेवटपर्यंत चालत गेलात तरी याहून मोठं अंतर सापडत नाही. दोन जिन्यांमधलं हे सर्वांत मोठं अंतर म्हणजे चाचणीचं माप.

आता ०.४ हे मोठं की लहान? पाच जुने आणि पाच नवे आकडे एका ओळीत बसवायचे एकूण २५२ क्रम आहेत. दोन्ही गट एकाच उगमातले असतील, तर प्रत्येक क्रमाची शक्यता सारखीच. त्या २५२पैकी २२० क्रमांत अंतर ०.४ किंवा त्याहून मोठं निघतं. म्हणजे उत्तर ०.८७: एकाच उगमातले आकडे शंभरदा असे मांडले, तर सुमारे ८७ वेळा एवढी किंवा याहून जास्त फारकत नुसत्या योगायोगानं दिसेल. संशयाला जागा नाही. उलट सगळे जुने आकडे नव्यांच्या आधी किंवा सगळे नंतर आले असते, तर असे क्रम २५२मध्ये फक्त दोन आहेत. तिथे मान वर करून बघायला हवं.

या सगळ्या हिशेबात कण, ऊर्जा, डिटेक्टर यांचा उल्लेख आला नाही हे लक्षात घ्या. मोजमापांचा आकार कसा होता, मध्ये फुगीर की एका बाजूला कललेला, याची चौकशी चाचणी करतच नाही. ती फक्त क्रम मोजते. म्हणून तीच चाचणी कणांच्या ऊर्जेला चालते, पावसाच्या आकड्यांना चालते, दिव्यांच्या आयुष्याला चालते. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३मध्ये या अंतराचं मोठ्या संख्येसाठीचं गणित दिलं, तेही विमागणितज्ञांच्या एका इटालियन नियतकालिकात, इटालियन भाषेत. १९३९मध्ये निकोलाय स्मिर्नोव्ह यांनी ते दोन नमुन्यांच्या तुलनेला लावलं. इतक्या कमी गृहीतकांवर उभी असलेली आणि इतक्या ठिकाणी चालणारी कल्पना मी क्वचित पाहिली आहे.

तिची स्पर्धक वयानं मोठी. कार्ल पिअर्सन यांची काय-वर्ग चाचणी १९००ची. ती प्रत्येक कप्प्यातला फरक घेते, त्याचा वर्ग करते, अपेक्षित चढउताराच्या वर्गानं भागते आणि बेरीज करते. ती शेजार ओळखत नाही, हा तिचा दोष. सलग सहा कप्प्यांत नवा आलेख किंचित वर असेल किंवा तेच सहा फरक आलेखभर वरखाली विखुरलेले असतील, बेरीज तीच. कोल्मोगोरोव्ह चाचणीला सलग कल लगेच जाणवतो, पण दोन्ही टोकांना तिची नजर अधू होते. तिथे दोन्ही जिने शून्याजवळ किंवा एकाजवळ खेटलेले असतात, मोठं अंतर पडायला जागाच नसते. आणि नवा जड कण असला तर तो बहुधा उजव्या टोकाशी, जिथे टकरींच्या चार-दोनच घटना पडतात, तिथेच दिसायचा. १९५२मध्ये अँडरसन आणि डार्लिंग यांनी टोकांना जास्त वजन देणारी चाचणी मांडली ती हीच उणीव भरून काढायला. रूटमध्ये आता तीही आहे.

इटलीतल्या जेनोवाच्या मारिया ग्राझिया पिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. कण पदार्थातून जाताना काय होतं ते संगणकावर घडवणाऱ्या जिआंट४ या संचाची भौतिकी खऱ्या प्रयोगांशी पडताळायची होती. एकाच चाचणीवर विसंबण्याऐवजी त्यांनी काय-वर्ग, कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह, अँडरसन-डार्लिंग, क्रामेर-फॉन मिझेस, कायपर अशा अनेक चाचण्यांचा एक संच सी++मध्ये बांधला आणि २००४मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रश्न कोणता आहे ते आधी ठरवा, मग त्याला शोभणारी चाचणी घ्या, ही त्यामागची शिस्त. अनेक चाचण्या चालवून सोयीचा निकाल उचलण्यासाठी असा संच वापरला, तर तो नसलेलाच बरा.

आता अडचणी. त्या थोड्या नाहीत.

पहिली अडचण कप्प्यांची. वरच्या उदाहरणात आपण एकेक आकडा घेऊन चाललो. हिस्टोग्राममध्ये सुटे आकडे उरलेले नसतात, फक्त कप्प्यांच्या कडा उरतात. दोन जिन्यांचं अंतर फक्त कडांवर मोजलं की ते खऱ्या कमाल अंतराएवढं किंवा त्याहून कमीच भरणार. अंतर कमी भरलं की उत्तराचा आकडा वर सरकतो. कप्पे जितके रुंद, तितकं सगळं छान जुळल्यासारखं दिसतं. शेवटी एकच कप्पा उरला तर कोणतेही दोन आलेख जुळतात. रूटच्या माहितीपत्रकात हा इशारा दिलेला आहे. उपायही दिला आहे: 'एक्स' हा पर्याय निवडला की संगणक १००० खोटे प्रयोग करून बघतो आणि मिळालेलं अंतर त्यांत कुठे बसतं ते सांगतो. जिथे साधनाची मर्यादा साधन बनवणाऱ्यानंच लिहून ठेवली आहे, तिथे ती न वाचणं ही वापरणाऱ्याची चूक.

यंत्रशिक्षणाच्या टीएमव्हीए या रूटमधल्या संचात या चुकीचं नेहमीचं ठिकाण आहे. शिकवलेल्या नमुन्यावर आणि राखून ठेवलेल्या नमुन्यावर प्रणाली सारखीच वागते का हे दाखवणारं एक चित्र तो काढतो आणि वर कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हचे दोन आकडे छापतो. कणभौतिकीच्या कितीतरी प्रबंधांत ते चित्र सापडतं. आकडा मोठा म्हणून सगळं ठीक, असा निष्कर्ष त्याखाली लिहिलेला दिसला, की कप्पे किती रुंद होते हा प्रश्न विचारावासा वाटतो.

दुसरी अडचण वजनांची. कृत्रिम टकरींत प्रत्येक घटनेला वेगळं वजन असतं. दहा हजार घटनांची माहिती प्रत्यक्षात दोन हजारांइतकीच असू शकते. कोल्मोगोरोव्ह चाचणीसाठी रूट वजनांच्या बेरजेच्या वर्गाला वजनांच्या वर्गांच्या बेरजेनं भागून घटनांची परिणामी संख्या काढतं. काय-वर्गासाठी निकोलाय गागुनाश्विली यांच्या पद्धतीनुसार तीन प्रकार आहेत: दोन्ही आलेख बिनवजनी, एक वजनी, दोन्ही वजनी. चुकीचा प्रकार निवडला तरी उत्तर येतंच, आणि दिसायला बिनचूक दिसतं.

तिसरी अडचण विपुलतेची, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. पाच टक्क्यांच्या कसोटीवर (उत्तर ०.०५हून कमी आलं की संशय), दोन्ही बाजूंना शंभर शंभर घटना असतील तर ०.१९चं अंतर संशयास्पद ठरतं. दहा हजार घटना असतील तर ०.०१९. दहा लाख असतील तर ०.००१९. सिम्युलेशन आणि निसर्ग इतके तंतोतंत कधीच जुळत नाहीत. म्हणजे डेटा पुरेसा झाला की चाचणी प्रत्येक जोडीला 'वेगळे' म्हणणार, आणि ते खरंही असणार. तो फरक भौतिकीच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे की नाही हे मात्र ती सांगू शकत नाही. ते माणसानं आलेख समोर ठेवून ठरवायचं.

चौथी अडचण दोन मितींची. एका पट्टीवर आकडे चढत्या क्रमानं लावता येतात. कागदाच्या पृष्ठभागावरच्या ठिपक्यांत आधी कोण आणि नंतर कोण? सर्वमान्य क्रमच नाही. रूट दोन क्रमांनी चालून बघतं, आडवं आधी आणि उभं आधी, आणि मिळालेल्या दोन अंतरांची सरासरी धरून उत्तर देतं. काम भागतं, पण कोल्मोगोरोव्ह यांच्या सिद्धांताची हमी तिथे संपलेली असते. खगोलशास्त्रात जॉन पीकॉक यांनी १९८३मध्ये चार चतुर्थांशांची युक्ती सुचवली. तीही सोय आहे, पूर्ण उकल नव्हे.

शेवटची अडचण संख्येची. हजार जोड्या तपासल्या आणि पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर काहीही बिघडलेलं नसताना सुमारे पन्नास जोड्या लाल दिसणार. अनेक ठिकाणी शोधलं की कुठेतरी काहीतरी सापडतंच. डिसेंबर २०१५मध्ये ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना फोटॉनांच्या जोड्यांच्या आलेखात ७५० जीईव्हीच्या आसपास उंचवटा दिसला. त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६मध्ये शिकागोच्या परिषदेत जास्त डेटा मांडला गेला, तेव्हा उंचवटा नव्हता. दोन्ही प्रयोगांनी सुरुवातीपासून 'इतर ठिकाणीही शोधलं' याचा हिशेब वेगळा दिला होता, आणि त्या हिशेबात उंचवट्याचं वजन बरंच कमी भरत होतं. शोध लागल्याचा दावा त्यांनी केला नव्हता, ही या शास्त्राच्या शिस्तीची खूण आहे.

एक गैरसमज सगळ्या साधनांना पुरून उरला आहे. उत्तर ०.८७ आलं म्हणजे दोन आलेख एकच असण्याची शक्यता ८७ टक्के, असं नव्हे. दोन्ही एकाच उगमातले आहेत असं धरूनच तो आकडा काढलेला असतो. उगम खरोखर एक असेल तर सुट्या आकड्यांवर वारंवार केलेल्या चाचण्यांची उत्तरं शून्यापासून एकपर्यंत सारखी पसरायला हवीत. सगळी उत्तरं एकजवळ गोळा झाली तरी दचकावं: बहुधा त्याच घटना दोन्हीकडे शिरल्या आहेत किंवा कप्पे फार रुंद आहेत.

रूट मोफत आहे, त्याचा कोड कुणालाही वाचायला खुला आहे, आणि साध्या लॅपटॉपवर ते चालतं. आपल्याकडे संख्याशास्त्राच्या तासाला कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह बहुतेकदा सूत्र आणि तक्ता एवढ्यावर आटोपतात. शिकवणाऱ्यांना विनंती आहे की एका तासाला तक्ता बाजूला ठेवावा आणि मुलांकडून ते २५२ क्रम फळ्यावर मांडून घ्यावेत. मग संगणक सुरू करावा.