स्वतःचा ‘मॅप’ लिहिताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जावास्क्रिप्टच्या मुलाखतीत हमखास विचारतात, “मॅप न वापरता मॅप लिहून दाखवा.” मॅप, फिल्टर, रिड्यूस ही अ‍ॅरेची फंक्शन्स २००९ च्या ईएस५ प्रमाणापासून भाषेतच आहेत. तयार असलेली गोष्ट पुन्हा का लिहायची, हे नीट न कळल्यामुळे या सरावाभोवती काही समज पक्के होऊन बसले आहेत.

गैरसमज १ : लूप जमला की मॅप जमला.

वस्तुस्थिती : रिकामा अ‍ॅरे घ्या, लूप फिरवा, कॉलबॅकचं उत्तर पुश करा, पाच ओळींत काम आटोपल्यासारखं वाटतं. पण खरा मॅप कॉलबॅकला घटक, इंडेक्स आणि सबंध अ‍ॅरे अशा तीन गोष्टी देतो. म्हणूनच ‘१’, ‘२’, ‘३’ या स्ट्रिंग्जच्या अ‍ॅरेवर मॅपला थेट पार्सइंट दिलं, तर उत्तर येतं १, नॅन, नॅन. पार्सइंट दुसरं आर्ग्युमेंट संख्यापद्धतीचा पाया समजतं. पाया ० आला की ते नेहमीचा दहाचा पाया धरतं, पाया १ त्याला चालत नाही आणि पाया २ मध्ये ३ हा अंकच नसतो. नुसता घटक देणारा आपला मॅप इथे १, २, ३ असं देखणं उत्तर देईल, पण ते मॅपचं उत्तर नव्हे.

शिवाय अ‍ॅरेत मधल्या जागा रिकाम्या असतील, तर मॅप तिथे कॉलबॅक चालवतच नाही, मात्र लांबी तेवढीच राखतो. पुश वापरून रिकाम्या जागा गाळल्या, तर लांबी घटते आणि पुढचे सगळे इंडेक्स सरकतात.

गैरसमज २ : रिड्यूसला सुरुवातीची किंमत दिली नाही, तर शून्य धरावं.

वस्तुस्थिती : अशा वेळी पहिला घटकच सुरुवातीची किंमत ठरतो आणि फेरी दुसऱ्यापासून सुरू होते. अ‍ॅरे रिकामा असेल, तर टाइपएरर येतो. किंमत मुद्दाम अनडिफाइन्ड देणं वेगळं आणि न देणं वेगळं, त्यामुळे आर्ग्युमेंट्स किती आली तेच मोजावं लागतं.

गैरसमज ३ : भाषेतलं फंक्शन म्हणजे वेगात आणि अचूकपणात शेवटचा शब्द.

वस्तुस्थिती : तेही कुणीतरी लिहिलेलंच असतं. क्रोममधल्या व्ही८ इंजिनात सॉर्ट कित्येक वर्षं जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं होतं. दहापेक्षा जास्त घटक असले की ते क्विकसॉर्ट वापरायचं, आणि समान ठरलेल्या घटकांचा मूळ क्रम बिघडू शकायचा. २०१८ मध्ये तिथे टिमसॉर्ट आलं. टिम पीटर्स यांनी ते २००२ मध्ये पायथॉनसाठी लिहिलं होतं. क्रम राखणं सक्तीचं झालं ते ईएस२०१९ पासून. वेगाचं म्हणाल, तर रिकाम्या जागा तपासत न बसणारा साधा फॉर लूप कधी कधी पुढेही जातो.

गैरसमज ४ : लिहिलंच आहे, तर अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवर बसवून टाकू.

वस्तुस्थिती : मूटूल्स या जुन्या लायब्ररीने स्वतःचं ‘फ्लॅटन’ असंच बसवलं होतं. पुढे त्याच नावाचं फंक्शन भाषेत येऊ घातलं. फायरफॉक्सच्या नाइटली आवृत्तीत ते आलं आणि निदान एक लोकप्रिय संकेतस्थळ मोडलं. कारण बारीक होतं : भाषेतली फंक्शन्स फॉर-इन लूपला दिसत नाहीत. त्यावर मूटूल्सने आपलं फ्लॅटन लिहिलं, तरी ते अदृश्यच राहिलं, आणि फॉर-इनने फंक्शन्स गोळा करणाऱ्या मूटूल्सला स्वतःचंच फंक्शन सापडेना. २०१८ मध्ये यावर बराच वाद रंगला. ‘स्मूश’ असं नाव ठेवण्याची थट्टाही झाली. अखेर ‘फ्लॅट’ या नावाने ते ईएस२०१९ मध्ये आलं.

तेव्हा सरावाचं फंक्शन वेगळ्या नावाने, सुटं लिहावं. त्याला पार्सइंट, रिकाम्या जागा आणि रिकामा अ‍ॅरे देऊन पाहावं, आणि खऱ्या मॅपशी उत्तर ताडून बघावं. रोजच्या कामात मात्र भाषेतलंच वापरावं.